समशीतोष्ण आवर्त

समशीतोष्ण आवर्त : साधारणपणे ३० ते ६० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर जन्मणारे कमी दाबाचे वादळ. तापमानातील तफावतीवर ते पोसले जाते. म्हणून जमिनीवरही जोर धरते आणि हिवाळ्यात अधिक उग्र होते. उष्ण कटिबंधातील चक्रीवादळ मात्र किनारा ओलांडताच ढेपाळू लागते.

एखाद्या विस्तीर्ण प्रदेशावर बरेच दिवस रेंगाळलेली हवा त्या प्रदेशाचे गुण उचलते. सायबीरियावरची हवा थंड व कोरडी, अझोर्स बेटांजवळची उबदार व दमट. अशा दोन वायुराशी भेटल्या तरी सहजी मिसळत नाहीत. त्यांच्यातील तिरकी सीमा म्हणजे आघाडी.

आवर्तात उष्ण आघाडी पुढे असते. उबदार हवा थंड हवेवर सावकाश चढते. आधी विरळ तंतुमेघ, मग चंद्रसूर्याभोवती खळे, नंतर करडे आभाळ आणि तासन्‌तास संततधार. मागून येणारी शीत आघाडी घाईची. जड, थंड हवा पाचरीसारखी खाली घुसते, गडगडाटी ढग उभे राहतात, जोरदार सर कोसळते, वारा दिशा बदलतो आणि पारा उतरतो. तिने उष्ण आघाडीला गाठले की उबदार हवा जमिनीपासून उचलली जाते. पुढे वादळ बहुधा विझत जाते.

हे चित्र याकोब ब्येर्कनेस यांनी १९१९ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे मांडले. पहिल्या महायुद्धात परदेशी हवामानवार्ता बंद झाल्याने त्यांचे वडील विल्हेल्म यांनी पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षण केंद्रांचे दाट जाळे उभारले होते. त्या नोंदींतूनच आघाड्या दिसल्या. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ मध्ये, वादळी हवेमुळे दोस्त राष्ट्रांची नॉर्मंडीवरील चढाई ५ तारखेवरून ६ वर गेली. मधली उसंत हेरणाऱ्या चमूत बर्गेन परंपरेतील स्वेर्रे पेटरसन होते.

भारतात या कुळातील पाहुणा म्हणजे पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राकडून येणारा हा झंझावात हिमालयात बर्फ आणि पंजाब-हरयाणातील गव्हाला पाऊस देतो. त्याचा प्रभाव दक्षिणेकडे पोचून समुद्रावरील बाष्पाशी गाठ पडली, तर विदर्भ-मराठवाड्यात गारपीट होऊ शकते. तो सरकल्यावर उत्तरेचे गार वारे मोकळे सुटतात. नाशिक जिल्ह्यातील निफाडचा पारा घसरतो आणि द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवून घड वाचवू पाहतात.