‘कुटुंब’ या एका शब्दाचा वाद

श्रीमंत नानासाहेब पेशव्यांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर १८५७ चे कानपूर उभे राहते. परंतु त्यांच्या आयुष्यातील मोठा लढा त्यापूर्वी कागदांवर झाला, आणि तो दत्तकविधानाचा होता. ज्या समाजात दत्तक घेऊन घराणी चालत आली, त्याने तरी तो विसरू नये.

इ. स. १८२४ मध्ये कर्जतनजीकच्या वेणगावी माधवराव नारायण भटांच्या घरी जन्मलेले धोंडोपंत १८२७ मध्ये ब्रह्मावर्ती दुसऱ्या बाजीरावांच्या मांडीवर बसले. आता गादी अशी कोणती उरली होती? १८१८ मध्ये माल्कमच्या हवाली होताना बाजीरावांनी राज्यावरील हक्क स्वतःसाठी व वंशासाठी सोडला होता, आणि मोबदल्यात त्यांस व त्यांच्या कुटुंबास सालीना किमान ८ लक्ष रुपयांची तनखा ठरली होती. तरी मृत्युपत्रात त्यांनी पेशवाईच्या गादीचा वारस म्हणून नानांनाच नेमले. (वस्तुतः पेशवे छत्रपतींचे मुख्य प्रधान, पण सातारचेही दत्तक नामंजूर करून कंपनीने १८४८ मध्ये ते राज्य खालसा केलेच होते.)

१८५१ च्या जानेवारीत बाजीराव निवर्तले आणि तनखा बंद झाली. नानांचे म्हणणे सरळ होते : करारात ‘कुटुंब’ हा शब्द आहे, व शास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा औरसासारखाच कुटुंबातला. डलहौसीने उत्तर दिले ते हिशेबाचे. ३३ वर्षांत पेशव्यांस अडीच कोटींहून अधिक मिळाले, शिल्लकही मोठी आहे, सबब आश्रितांचा सरकारवर हक्क नाही! बाजीरावांच्या खाजगी संपत्तीचा वारस म्हणून मात्र हाच दत्तक चालला. म्हणजे घरात पुत्र, आणि खजिन्याच्या दारात परका. अजीमुल्लाखान १८५३ मध्ये विलायतेस गेला, तोही रिकाम्या हाताने परतला.

येथवर नानांनी तनखाच मागितली होती, राज्य नव्हे. हे आपल्या काही उत्साही चरित्रकारांस रुचत नाही. गादी त्यांनी मागितली ती जुलै १८५७ च्या आरंभी, ब्रह्मावर्ती पेशवाईचा टिळा लावून घेऊन. १६ जुलैस हॅवलॉकने कानपुराजवळ त्यांचा पराभव केला. ती पेशवाई पंधरा-सोळा दिवसांची! आणि त्याच्या आदल्याच दिवशी बिबीघरात बंदिवान स्त्रिया व मुलांची कत्तल झाली होती. आज्ञा कोणाची, याविषयी मतभेद आहेत. तो डाग मात्र लपवून पुसला जाणार नाही.

१८५९ पर्यंत बरीच मंडळी नेपाळच्या तराईत पोहोचली. बंधू बाळासाहेब तिकडेच वारले. पुतणे रावसाहेब पुढे पकडले जाऊन १८६२ मध्ये फाशी गेले. नानाही तराईत तापाने वारल्याची वार्ता आली, पण सरकारास ती पटली नाही. १८७४ मध्ये ग्वाल्हेरीस एका इसमास नाना समजून धरले आणि ओळख न पटल्याने सोडावे लागले. बाजीरावांच्या विधवा मैनाबाई व सईबाई आणि नानांची पत्नी काशीबाई यांस जंगबहादुराने नेपाळात आसरा दिला. करारातल्या ‘कुटुंब’ या शब्दात ज्या निःसंशय मोडत होत्या, त्या या स्त्रिया परराज्याच्या आश्रयास राहिल्या.