पाणी काढण्यासाठी आधी पाणी

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तेथील किंवा आसपासच्या कोणत्याही शिवारात विहिरीच्या काठावर मोटारपंप बसवणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पंप रिकामा असेल तर मोटार नुसती फिरते, पाणी उचलत नाही. पंपाने हवा धरलेली असते. मग वरून बादलीने पाणी ओतून पंप आणि नळी भरावी लागते, तेव्हा कोठे धार लागते. म्हणजे पाणी काढण्यासाठी आधी पाणी हवे! नळीच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह चांगला असेल, तर ओतलेले पाणी मोटार बंद झाल्यावरही नळीत टिकते आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबले की काम भागते.

संगणकाचीही हीच अडचण आहे. प्रोसेसर फक्त स्मृतीत असलेल्या आज्ञा पाळतो. नेहमीची कामाची स्मृती, म्हणजे रॅम, वीज जाताच कोरी होते. हव्या त्या आज्ञावल्या डिस्कवर असतात हे खरे, पण त्या डिस्कवरून रॅममध्ये आणणे हेही आज्ञावलीचेच काम आहे. मग ही पहिली आज्ञावली कोण आणणार? आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याच्या अशक्य कल्पनेवरून इंग्रजीत या क्रियेला 'बूटस्ट्रॅप' म्हणू लागले. त्याचेच पुढे 'बूट करणे' झाले. पहिली आज्ञा कोठे ठेवायची, या एका प्रश्नाला पाऊणशे वर्षांत जी उत्तरे मिळाली, त्यांचा हा इतिहास आहे.

हाताने ओतलेले पाणी

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. त्याच्या आज्ञावल्या छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. ही पट्टी वाचण्यापुरत्या ३१ आज्ञा डेव्हिड व्हीलर यांनी लिहिल्या. टेलिफोन केंद्रात वापरतात तशा फिरत्या स्विचांवर त्या तारांनी कायमच्या जोडल्या होत्या. बटण दाबले की त्या स्मृतीत उतरत आणि पुढची पट्टी वाचू लागत. एवढ्या थोड्या आज्ञांत एका संगणकाला 'जागे' करता येते, हे तेव्हा सिद्ध झाले.

१९५२ च्या आयबीएम ७०१ या यंत्रावर 'लोड' नावाचे बटण होते आणि शेजारी एक निवडीचा स्विच. छिद्रित कार्ड, चुंबकीय फीत किंवा चुंबकीय ड्रम, यांपैकी कोठून सुरुवात करायची ते चालकाने ठरवायचे. आज आपण संगणकाच्या सेटअपमध्ये जाऊन 'आधी पेनड्राइव्ह, मग हार्ड डिस्क' असा क्रम लावतो, त्याचा पूर्वज हाच स्विच.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक संपूर्ण भारतीय बनावटीचा संगणक पूर्ण झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यालाही आज्ञावल्या कागदी पट्टीवरूनच द्याव्या लागत. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. या स्मृतीचा एक गुण शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगण्यासारखा आहे. कड्याचे चुंबकत्व वीज गेल्यावरही टिकते. त्यामुळे अशी स्मृती असलेल्या संगणकांत एकदा भरलेली आरंभीची आज्ञावली दुसऱ्या दिवशीही जागेवर असू शके. मात्र चुकीच्या आज्ञावलीने तिच्यावर दुसरे काही लिहिले, की पुन्हा पहिल्यापासून पाणी ओतणे आले.

हे ओतणे किती कष्टाचे होते ते १९७५ च्या अल्टेअर ८८०० या छोट्या संगणकावरून कळते. त्याच्या दर्शनी भागावर स्विचांची रांग होती. वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. आठ स्विच लावायचे, एक बाइट स्मृतीत ढकलायचा, मग पुढचा. एक स्विच चुकला तरी सारे मुसळ केरात. पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी या संगणकासाठी बेसिक भाषा तयार केली. ती कंपनीला दाखवायला निघाल्यावर कागदी पट्टी वाचणारी आरंभीची आज्ञावली लिहायचीच राहिली, हे ॲलन यांच्या लक्षात आले. ती त्यांनी विमानात बसून लिहिली.

संगणकाचा फूटव्हॉल्व्ह

या कष्टांवरचा उपाय म्हणजे रॉम. वीज गेली तरी मजकूर न विसरणारी ही स्मृती संगणकाचा फूटव्हॉल्व्हच होय. भारतातील शाळांना तिची ओळख झाली ती १९८४-८५ साली सुरू झालेल्या 'क्लास' या केंद्र सरकारच्या प्रकल्पातून. त्यासाठी ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो हा संगणक निवडला होता. त्याच्या रॉममध्ये कार्यप्रणाली आणि बेसिक भाषा दोन्ही असल्याने डिस्क नसतानाही बटण दाबताच तो कामाला तयार होई. आज्ञावल्या साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून वाचता येत. फ्लॉपी जोडली असेल तर 'शिफ्ट' धरून 'ब्रेक' कळ दाबायची, की संगणक फ्लॉपीवरील 'बूट' नावाची फाइल शोधून चालवी.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीने वेगळा मार्ग धरला. त्याच्या रॉममध्ये कार्यप्रणाली नव्हती, फक्त तिला शोधून आणण्याची तयारी होती. रॉममधील ही आज्ञावली, म्हणजे बायोस, फ्लॉपीचा पहिला विभाग तेवढा वाचे. तो ५१२ बाइटांचा. त्या ५१२ बाइटांत पुढच्या फाइली आणणारी आज्ञावली असे आणि त्या फाइली मग डॉस आणत. थेंबाने ओंजळ भरावी, ओंजळीने बादली, तसा हा प्रकार. फ्लॉपी नसेल तर रॉममधील बेसिक सुरू होई. १९८३ च्या पीसी एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. तिचा पहिला विभाग वैध असल्याची खूण शेवटच्या दोन बाइटांत असते: ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. ही जोडी विद्यार्थ्यांना फळ्यावर जरूर दाखवावी.

उंबरठ्यावरचा चोर

संगणक पहिल्या ५१२ बाइटांवर डोळे झाकून विश्वास ठेवतो, हे १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी जगाला दाखवून दिले. त्यांचा 'ब्रेन' हा व्हायरस ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवरील पहिला विभाग दुसरीकडे हलवी आणि त्या जागी स्वतः बसे. संगणक सुरू होताच आधी व्हायरस जागा होई, मग डॉस.

त्या काळी पुष्कळांचा समज असा होता, की फ्लॉपीवर डॉस नसेल तर धोका नाही. परंतु नुसता मजकूर साठवलेली फ्लॉपी खणात विसरली, तर पडद्यावर 'ही सिस्टिम डिस्क नाही' अशा अर्थाचा संदेश येई. हा संदेश कोण लिहीत असे? फ्लॉपीच्या पहिल्या विभागातील आज्ञावलीच! म्हणजे संदेश दिसेपर्यंत त्या आज्ञा चालून गेलेल्या असत आणि तेथे व्हायरस असेल तर तो स्मृतीत शिरलेला असे. म्हणूनच 'संगणक सुरू करण्यापूर्वी फ्लॉपी बाहेर काढा' हा नियम संगणक कक्षांत पाळावा लागे.

सीडी, पेनड्राइव्ह आणि किल्ली

सीडीवरून संगणक सुरू करण्याची पद्धत १९९५ मध्ये 'एल टोरिटो' या नावाने ठरली. बायोसला सीडी कळत नसे, फ्लॉपी कळे. म्हणून सीडीवर फ्लॉपीची हुबेहूब प्रत ठेवून 'ही फ्लॉपीच आहे' असे बायोसला भासवण्याची युक्ती तिच्यात होती. २००० साली जर्मनीच्या क्लाउस नॉपर यांनी 'नॉपिक्स' ही लिनक्सची सीडी दिली. तिच्यावरून संपूर्ण यंत्रणा चालू होई आणि हार्ड डिस्कला हातही लागत नसे. पुढे हेच काम पेनड्राइव्ह करू लागला.

जुन्या पद्धतीला शेवटी गणिताने अडवले. हार्ड डिस्कवरील विभागांचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जाई. दोनाचा ३२ वा घात गुणिले ५१२ म्हणजे सुमारे २.२ लाख कोटी बाइट. याहून मोठ्या डिस्कचा पुढचा भाग त्या क्रमांकांच्या आवाक्यात येत नसे. बायोसच्या जागी आलेली यूईएफआय ही पद्धत ही मर्यादा ओलांडते. ती केवळ पहिला विभाग न वाचता डिस्कवरील ठरावीक फाइल शोधते. २०१२ पासून बहुसंख्य नव्या संगणकांत 'सिक्युअर बूट' असते. फाइलवर ओळखीची अंकीय सही नसेल तर संगणक ती चालवत नाही. ब्रेनसारख्या चोराला हे चोख उत्तर आहे. पण दाराला कुलूप लागले की किल्ली कोणाकडे, हा प्रश्न येतोच. आपल्या संगणकावर आपण निवडलेली कार्यप्रणाली चालवता यावी, यासाठी बऱ्याच संगणकांत हे कुलूप मालकाला काढता येते. ही सोय टिकणे शाळांच्या हिताचे आहे.

आता फुलसावंगीच्या विहिरीवर परत जाऊ. मोटार पाणी उचलत नाही म्हणून कोणी ती भंगारात काढत नाही. आधी फूटव्हॉल्व्ह पाहतात. शाळेतील संगणकावर 'बूट करण्याजोगे साधन सापडले नाही' असा संदेश आला, की मात्र 'संगणक गेला' असे म्हणून त्यावर कापड टाकले जाते. वास्तविक हा संदेश दाखवणारा संगणक जिवंत असतो. त्याला पुढची आज्ञा सापडत नाही, एवढेच. कदाचित हार्ड डिस्क बिघडली असेल, कदाचित तिची केबल निघाली असेल, किंवा सेटअपमधील क्रम बदलला असेल.

अशा वेळी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून, सेटअपमध्ये त्याला पहिला क्रमांक देऊन पाहावे. संगणक सुरू झाला तर दोष हार्ड डिस्ककडे आहे हे कळते आणि तिच्यावरील निकालपत्रके, प्रश्नपत्रिका वाचवण्याचीही संधी मिळते. हा प्रयोग नववी-दहावीच्या मुलांसमोर जरूर करावा. करताना त्यांना एकच विचारावे: या क्षणी पहिली आज्ञा कोठून आली?