विष्णुपंत पागनीस आणि तुकोबांच्या नांवावर चढलेलें एक पद

संतांच्या गाथांतील प्रक्षेपांचा विचार करूं लागलें असतां संशोधकापुढें नेहमीं एकच अडचण उभी राहते. प्रक्षिप्त रचना कोणाची, ती कोणत्या सालची, आणि मूळ कवीच्या नांवावर ती कशी चढली, या तीन प्रश्नांपैकीं एकाचेंही निश्चित उत्तर सहसा मिळत नाहीं. पोथी आपल्या हातीं येते तेव्हां घालमेल होऊन गेलेली असते. परंतु विसाव्या शतकांत या प्रकाराचें एक उदाहरण असें घडलें आहे कीं, त्याचा कर्ता, काल आणि प्रसारक हे तिन्ही आपणांस ठाऊक आहेत. हें उदाहरण पोथींत नसून बोलपटांत आहे, म्हणून पोथीसंग्राहकांचें तिकडे लक्ष गेलें नाहीं. तें त्यांच्या नजरेस आणावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम गाथेची स्थिति स्मरणांत घेऊं. तुकोबांचें निर्याण इ. स. १६५० मधील. त्यांच्या गाथेची पहिली साक्षेपी आवृत्ति मुंबई सरकारच्या साह्यानें इंदुप्रकाश छापखान्यांत निघाली. तिचा पहिला भाग १८६९ सालीं व दुसरा १८७३ सालीं प्रसिद्ध झाला. देहू, कडूस, तळेगांव व पंढरपूर येथील पोथ्या संपादकांनीं त्यासाठीं मिळविल्या होत्या. त्या गाथेंत साडेचार हजारांवर अभंग आहेत. पुढें वि. ल. भावे यांनीं संताजी तेली जगनाडे यांच्या वहीवरून जी गाथा छापली, तींत तेराशेंच्या आसपासच अभंग आहेत. या दोन संख्यांमधील अंतर डोळ्यांपुढें ठेविलें म्हणजे प्रक्षेपाचा प्रश्न केवढा मोठा आहे हें वेगळें सांगावयास नको.

आतां बोलपटाकडे वळूं. भारतांतील पहिला बोलपट १९३१ सालीं निघाला. पुढील सालीं प्रभात फिल्म कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ काढून मराठी बोलपटाचा पाया घातला. ही कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झाली व १९३३ सालीं पुण्यास आली. आरंभींच्या त्या वर्षांत जो पडद्यावर दिसे तोच गाई. दुसऱ्याच्या गळ्यावर नटानें नुसते ओठ हालवावे ही रीति १९३५ नंतर हळूहळू रुळली. त्यामुळें बोलपटवाल्यांस गाता नट हवा असे, आणि असा नट संगीत रंगभूमीवांचून दुसरीकडे मिळणें कठीण होतें.

परंतु रंगभूमीवरील प्रत्येक थोर गायक पडद्यावर शोभलाच असें नाहीं. १९३५ सालीं प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटांत बालगंधर्वांनीं एकनाथांची भूमिका केली. पण रंगभूमीवर ज्यांनीं अवघा महाराष्ट्र वेडा केला त्यांना पडद्यावर तें यश लाभलें नाहीं. नाट्यगृहांतील पद प्रेक्षकांच्या ‘वन्समोअर’वर वाढत जातें, बोलपटांतील पदास कालाची मोजकी मर्यादा असते आणि नटाचा चेहरा हातभर अंतरावर येतो. तेथें तानेपेक्षां शब्द आणि शब्दापेक्षां मुद्रा अधिक बोलते.

ही गोष्ट ज्यांना साधली ते विष्णुपंत पागनीस होत. त्यांचा जन्म १८९२ सालचा. स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत स्त्रीभूमिका करणारे नट म्हणून त्यांनीं उमेदवारी केली. १९३६ सालीं ‘संत तुकाराम’ निघाला तेव्हां त्यांचें वय चव्वेचाळीस वर्षांचें होतें. दिग्दर्शक विष्णुपंत दामले व फत्तेलाल, कथालेखक शिवराम वाशीकर, आणि संगीत केशवराव भोळे यांचें. हा बोलपट मुंबईंत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ सालीं व्हेनिस येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला. स्त्रीभूमिकांनीं अंगीं बाणलेलें मार्दव पागनिसांच्या चालींत व दृष्टींत सर्वत्र दिसतें, आणि देहूच्या वाण्याच्या अंगीं तें विलक्षण खुलतें. ते गातात तें सभेपुढें गायल्यासारखें वाटत नाहीं, काम करतां करतां माणूस स्वतःशीं गुणगुणतो तसें वाटतें.

याच बोलपटांत बीज, अंकुर आणि वृक्ष यांच्या रूपकाचें एक पद आहे. तें बहुतेक मराठी वाचकांस मुखोद्गत असेल. तें तुकोबांचें नव्हे. प्रभातचे गीतकार शांताराम आठवले यांचें आहे. आठवल्यांचा जन्म १९१० सालचा, म्हणजे तुकोबांच्या तोंडीं हें पद घालणारा कवि त्या वेळीं अवघा सव्वीस वर्षांचा होता. तथापि पद लोकांच्या कानीं पडलें आणि पाहतां पाहतां तुकोबांचें झालें. लोक तें गाथेंत धुंडाळूं लागले. आमच्या अध्यापनाच्या काळांत विद्यार्थ्यांच्या वह्यांत तें तुकोबांच्या नांवाखालीं उतरलेलें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे.

वस्तुतः अंतःप्रमाण पाहिलें तरी शंका यावयास हवी होती. पदाच्या शेवटीं ‘तुका’ ही नाममुद्रा नाहीं. मोठ्या अभंगाचें सहा, सहा, सहा, चार हें अक्षरांचें माप त्यास लागत नाहीं. विठ्ठलाचें नांव त्यांत कोठेंही येत नाहीं. एका ब्रह्माचा अनेक रूपांनीं विस्तार आणि अखेर पुन्हां एकत्व, असा तो वेदान्तविचार आहे. इतकीं गमकें विरुद्ध असतां लोकांनीं तें तुकोबांचें मानलें, याचें कारण पदांत शोधून सांपडणार नाहीं. तें पागनिसांच्या गळ्यांत आहे. ज्या मुखांतून तुकोबांचे अस्सल अभंग ऐकूं आले त्याच मुखांतून हें पद आलें. श्रोत्यानें मुद्रा शब्दांत न पाहतां चेहऱ्यावर पाहिली.

येथें एक मौज लक्षांत घेण्यासारखी आहे. याच बोलपटांत सालोमालो हा तुकोबांचीं कवनें आपलीं म्हणून मिरवितो. सालोमालोचा उल्लेख गाथेंतही आहे. म्हणजे कथेंत तुकोबांची रचना दुसऱ्याच्या नांवावर जाते, आणि बोलपटाबाहेर दुसऱ्याची रचना तुकोबांच्या नांवावर येते. पहिल्यास चोरी म्हणतां येईल. दुसऱ्यास तें नांव देतां येत नाहीं, कारण येथें कोणीं लबाडी केली नाहीं. आमच्या मतें गाथेंतील पुष्कळसे प्रक्षेप याच मार्गानें आले असावेत. कीर्तनकार निरूपणाच्या ओघांत स्वतःचें चरण म्हणे, श्रोता भाविकपणें लिहून घेई, आणि पुढील नक्कलकार तें गाथेंत बसवी. प्रत्येक प्रक्षेपामागें कपटी लेखक शोधण्याची आपली संवय या एका उदाहरणानें सैल व्हावी.

कोणी म्हणेल, पद चांगलें आहे, लोकांस प्रिय आहे, मग कर्ता कोण याचा खल कशास? यावर आमचें उत्तर असें कीं, यांत दोघांवर अन्याय होतो. आठवल्यांचें श्रेय बुडतें, आणि तुकोबांच्या विचाराची पारख करणाऱ्याच्या हातीं खोटें नाणें येतें.

पागनिसांचें पुढील आयुष्यही या एका भूमिकेनेंच बांधून टाकलें. ‘संत तुलसीदास’ (१९३९), ‘नरसी भगत’ (१९४०), ‘महात्मा विदुर’ (१९४३) असे त्यांचे पुढील बोलपट. नांवें बदललीं तरी लोक पाहत ते तुकोबांनाच. १९४३ सालींच त्यांचें निधन झालें. नटाचा चेहरा संताच्या चेहऱ्याच्या जागीं बसला, आणि मराठी माणसाच्या मनांतील तुकोबा पुष्कळ अंशीं पागनिसांच्या रूपाचे झाले.

संग्राहकांस विनंति इतकीच. प्रभात कंपनी १९५३ सालीं बंद पडली. व्हेनिसच्या गौरवाचें प्रमाणपत्रही मधल्या काळांत बेपत्ता होऊन पुण्यांत टाकून दिलेल्या स्थितींत सांपडलें, आणि २००४ सालीं चित्रपट संग्रहालयांत दाखल झालें. एवढ्या मोठ्या कागदाची ही गत, तर चित्रगृहांत विकल्या जाणाऱ्या पदांच्या पातळ पुस्तिका, ध्वनिमुद्रिकांचीं वेष्टनें, जाहिरातींचीं पत्रकें यांची काय कथा! पदाचा कर्ता ठरवावयास उद्यां हेच कागद लागणार आहेत. पोथ्यांच्या दप्तराशेजारीं त्यांना जागा द्यावी. तुकोबांच्या समकालीन वह्या जपल्या गेल्या नाहींत म्हणून आपण आज हळहळतों. पुढील पिढीवर तीच पाळी आपल्या हयगयीनें येऊं नये.