मुंबईत कायम, देशात बदली



या व्यासपीठावरून इतिहासावर बोलायला नेहमी विद्वान मंडळी येतात. माझे शाळेचे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही असेल ते वाचनालयातल्या बाकावर आणि कारखान्यांच्या फाटकांवर मिळवलेले आहे. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कामगारांच्या इतिहासावर बोलायला सांगितले, आणि मी विषय कळवला एका क्रिकेट खेळाडूचा. पत्रिका वाचून काहींना वाटले असेल की हा युनियनवाला वाट चुकला. तास संपेपर्यंत मला संभाळून घ्या. मग वाट चुकली की नाही ते तुम्हीच ठरवा.

३ मार्च २०२५ रोजी मुंबईत पद्माकर शिवलकर वारले. वय ८४. त्यांच्याविषयी जे जे छापून आले, त्यात एक वाक्य ठरलेले होते : भारताकडून एकही कसोटी सामना न खेळलेला थोर गोलंदाज. ते वाचताना माझ्या तोंडून सहज शब्द निघाला, ‘बदलीवाला’. त्या शब्दाने मला पुढे बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

बदलीवाला म्हणजे काय, हे ज्यांच्या घरातले कोणी गिरणीत होते त्यांना सांगायला नको. परंतु गिरण्या गेल्या आणि नव्या पिढीला तो शब्दही परका झाला, म्हणून सांगतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या मागावर दुसरा माणूस लावावा लागे. तो माणूस पाळीच्या आधी फाटकाशी उभा असे. जॉबर येई, नजर फिरवी आणि बोट दाखवी. ज्याच्याकडे बोट गेले त्याला त्या दिवसाचा पगार, बाकीचे घरी. जॉबरच्या बोटाला पैसे चारावे लागत, हे सगळ्यांना माहीत होते. १९३५ साली गिरणी मालकांच्या संघाने बदलीची कार्डे सुरू केली. ठराविक माणसांना कार्ड मिळू लागले आणि कार्डवाल्याने रोज सकाळी हजेरी लावावी असे ठरले. काम मिळो न मिळो, हजर राहायचेच. आपल्या खानदेशातून जी माणसे मुंबईला आणि ताप्ती लाईनने सुरतेला गेली, त्यांतल्या कित्येकांनी उमेदीची वर्षे अशीच फाटकाशी उभी राहून काढली.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. बदलीवाला अडाणी कारागीर नसे. त्याच्या हाताला तेच काम येत असे, कधी कधी कायमवाल्यापेक्षा सरस येत असे. उणीव हाताची नव्हती. जागा भरलेली होती, इतकेच.

आता शिवलकरांकडे वळू. त्यांचा जन्म १९४० सालचा. ते डाव्या हाताने संथ फिरकी टाकत. १९६१-६२च्या हंगामात प्रथम श्रेणीचा पहिला सामना आणि १९८७-८८च्या हंगामात शेवटचा. तेव्हा वय ४७. इतक्या वर्षांत १२४ सामने आणि ५८९ बळी. दर बळीमागे २० धावासुद्धा पडल्या नाहीत, हिशेब १९.६९चा आहे. त्यांपैकी ३६१ बळी रणजी करंडकातले. क्रिकेट न समजणाऱ्या माझ्या भगिनींना एवढेच सांगतो, की हा हिशेब कोणत्याही देशाच्या कोणत्याही गोलंदाजाने छातीवर मिरवावा असा आहे.

मग जागा का मिळाली नाही? कारखान्यात यंत्रे चालवणारे पन्नास असतात. परंतु बॉयलरवर एका पाळीला सरकारी दाखल्याचा एकच माणूस लागतो. गावात तसे दाखलेवाले चार झाले, तर तिघांनी काय करावे? क्रिकेटच्या संघात डावखुऱ्या संथ गोलंदाजाची जागा बहुधा अशीच एक. शिवलकर आले तेव्हा आपल्या नाशिकचे बापू नाडकर्णी त्या जागेवर होते, आणि ते मुंबईच्या संघातही होते. १९६४ साली मद्रासच्या कसोटीत ओळीने २१ षटके निर्धाव टाकणारे ते हेच नाडकर्णी. त्यांचे दिवस सरत आले, तोच १९६६च्या शेवटच्या दिवशी कलकत्त्याला वीस वर्षांचा एक सरदार कसोटीत उतरला. त्याचे नाव बिशनसिंग बेदी. पुढे १९७९पर्यंत ती जागा बेदींची होती. ६७ कसोट्यांत २६६ बळी. बेदींनी कोणाचे ओरबाडून घेतले असे म्हणणारा मनुष्य खेळ जाणत नाही. ते थोर होते आणि जागेला पात्र होते. कायम कामगाराला शिव्या देऊन बदलीवाल्याचा प्रश्न सुटत नाही, हे मी फाटकावर शिकलो. ते इथेही लागू आहे.

आता १९७३चा वसंत पाहा. मद्रासच्या चेपॉक मैदानावर रणजीचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध तामिळनाडू. खेळपट्टी चेंडू वळवणारी. मुंबईच्या पहिल्या डावात १५१ धावा झाल्या. तामिळनाडूचा डाव ८० धावांत आटोपला. शिवलकरांनी १६ धावांत ८ गडी बाद केले. मुंबई दुसऱ्यांदा ११३ धावांत गारद झाली. तामिळनाडू पुन्हा उतरले आणि ६१ धावांत संपले. एका बाजूने एकनाथ सोलकर, दुसऱ्या बाजूने शिवलकर, दोघांचे पाच पाच बळी. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. शिवलकरांचे दोन डावांतले बळी १३ आणि दिलेल्या धावा ३४. मुंबईचे ते ओळीने पंधरावे विजेतेपद. पुढच्या वर्षी, १९७४ साली, भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्यात चार फिरकी गोलंदाज होते. शिवलकर त्यांत नव्हते.

त्याच १९७४च्या नोव्हेंबरात एकदा फाटक किलकिले झाले. वेस्ट इंडीजविरुद्ध बंगलोरच्या कसोटीतून बेदींना शिस्तीच्या कारणावरून वगळण्यात आले. त्यांच्या जागी बोलावणे गेले ते हरियाणाच्या राजिंदर गोयल यांना. गोयलही डावखुरे आणि तेही शिवलकरांसारखेच वाट पाहणारे. रणजीत त्यांनी ६३७ बळी घेतले, तो विक्रम आहे. गोयल बंगलोरला पोचले, तयार झाले, आणि अकरा नावे वाचली तेव्हा त्यांत त्यांचे नाव नव्हते. दुसऱ्या कसोटीला बेदी परत आले. फाटक बंद.

इथे कोणी म्हणेल, दोन डावखुरे एकत्र खेळवता येत नाहीत, त्याला कोण काय करणार? हा नियम कुठे लिहिला आहे? १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला आपण वेस्ट इंडीजला प्रथमच हरवले, तेव्हा बेदी आणि सलीम दुराणी हे दोन्ही डावखुरे संघात होते, आणि सोबर्स व लॉइड यांना दुराणींनीच बाद केले. आता दुराणी फलंदाजही होते हे खरे, आणि प्रामाणिकपणे ते मी सांगितले पाहिजे. तरी एवढे सिद्ध होते, की जागा एकच असणे हे आकाशातून पडलेले नसते. ते माणसांनी ठरवलेले असते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात तो आपल्या फुटबॉलहून निराळा. चेंडू लांबट असतो आणि तो बहुतेक हातानेच फेकायचा व घेऊन पळायचा असतो. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो. चेंडू कोणाकडे द्यायचा ते तो ठरवतो. मैदानावर तो एकच. म्हणून प्रत्येक व्यावसायिक संघ आणखी एक क्वार्टरबॅक पगार देऊन बाजूला बसवून ठेवतो. हा त्यांचा बदलीवाला. तो सगळा आठवडा सराव करतो, सगळे डाव पाठ करतो, आणि सामन्याच्या दिवशी उभा राहून पाहतो.

अर्ल मोरल हा असाच एक गडी. १९५६ ते १९७६ अशी २१ वर्षे तो खेळला, आणि त्यांतली बरीचशी दुसऱ्याच्या सावलीत. १९६८ साली बाल्टिमोरचा नामांकित जॉनी युनायटस दुखापतीने बसला. मोरल त्याच्या जागी उतरला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण १९६९च्या जानेवारीत अजिंक्यपदाच्या सामन्यात तो अपयशी ठरला, संघ हरला, आणि लोकांनी तेवढेच लक्षात ठेवले. १९७२ साली तो मायामीच्या संघात होता, वय ३८. पाचव्या सामन्यात बॉब ग्रीसी याचा पाय मोडला. मोरल उतरला. हंगामातले उरलेले नऊही सामने संघाने त्याला घेऊन जिंकले. पुढे बाद फेरीत पिट्सबर्गला निम्मा सामना झाला असता बरा झालेला ग्रीसी पुन्हा आत आला आणि मोरल बाहेर गेला. १४ जानेवारी १९७३ला मायामीने अजिंक्यपद जिंकले. सतरापैकी सतरा सामने जिंकलेला तो संघ अमेरिकेत आजही आठवला जातो. त्या अखेरच्या सामन्याची सुरुवात ग्रीसीने केली. यानंतर अडीच महिन्यांच्या आत चेपॉकवर शिवलकर आपले १३ बळी घेत होते.

दोघांत फरक आहे. मोरलला फाटकातून आत घेतले होते. त्याला बसून राहण्याचा पगार मिळे, आणि दार उघडले तेव्हा तो आत होता. आपल्याकडचा बदलीवाला फाटकाबाहेर. गिरणी कामगारांनाही हा भेद समजायला फार काळ लागला. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती झाली, तेव्हा ‘बदली’ हा आपला शब्द जसाच्या तसा इंग्रजी कायद्यात जाऊन बसला. हजेरीपटावर नाव असलेल्या दुसऱ्याच्या जागी जो कामाला लावला जातो तो बदली. परंतु एक वर्षाची अखंड नोकरी भरली की ले-ऑफच्या भरपाईसाठी त्याला बदली समजू नये, असे त्यात म्हटले होते. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष भरले असे धरत. दिवस मोजा, असे कायद्याने सांगितले. जॉबरच्या बोटावर जे होते ते हजेरीच्या वहीवर आले.

खेळात असा कायदा करता येणार नाही, हे मला कळते. ५८९ बळी भरले म्हणून कसोटीची टोपी द्या, असे कोणी मागणार नाही. शिवलकरांनीही मागितले नाही. ‘हा चेंडू दैवगतीचा’ हे गाणे ते गात, आणि आत्मकथेलाही त्यांनी तेच नाव दिले. थोर मनाचा माणूस स्वतःच्या बाबतीत दैव म्हणतो, तो त्याचा मोठेपणा. परंतु बाकीच्यांनीही त्याच्याकडे बोट दाखवून दैव म्हणावे, ही मला पळवाट वाटते. सुनील गावसकर यांनी आपल्या आवडत्या खेळाडूंच्या पुस्तकात गोयल आणि शिवलकर या दोघांना स्वतंत्र प्रकरणे दिली, आणि कर्णधार असताना निवड समितीला आपण शिवलकरांसाठी पटवू शकलो नाही ही खंत शिवलकर गेल्यावर जाहीरपणे बोलून दाखवली. मला ते पटले. ज्याचा हात त्या निर्णयाच्या जवळपास होता, त्याने दैवावर ढकलले नाही.

हे मी इतक्या ठासून सांगतो त्याला कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय खाली बसणे बरे नव्हे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका सूतगिरणीत पगारवाढीचा करार झाला. शेवटच्या रात्री व्यवस्थापनाने सांगितले, कायमवाल्यांना मागाल ते देतो, बदलीवाल्यांची नावे यादीत नकोत. आमच्या बाजूने ती यादी मी लिहायला बसलो होतो. बदलीवाले बाहेर फाटकाशी बसले होते. संपात सर्वांत जास्त दिवस तेच उपाशी राहिले होते. मी यादी लिहिली, त्यांच्या नावांशिवाय. सकाळी गुलाल उधळला गेला. त्यांच्यातला एक वयस्क माणूस माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘भाऊ, आमचं नशीब.’ मी मान डोलावली. बंधुभगिनींनो, त्याने नशीब म्हणणे हा त्याचा समजूतदारपणा होता. मी मान डोलावली, तो माझा गुन्हा. पुढचा करार झाला तेव्हा पहिले कलम बदलीवाल्यांचे होते. पण तोवर तो माणूस गाव सोडून गेला होता.

२०१७ साली क्रिकेट मंडळाने गोयल आणि शिवलकर या दोघांना सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. दोघेही सत्तरी ओलांडलेले होते. उशीर झाला, तरी वही उघडली गेली. गोयल २०२० साली गेले, बेदी २०२३ साली, शिवलकर त्यानंतर. तिघांचेही हात आता थांबले आहेत.

शिवलकर २६ वर्षे वाट पाहत होते असे लिहितात. मला ते मान्य नाही. त्या वर्षांत ते रोजचे काम करत होते, आणि मुंबईच्या करंडकांवर त्या कामाची मोहोर आहे. वाट पाहण्याची पाळी निवड करणाऱ्यांवर यायला हवी होती. तुमच्या दुकानात, शाळेत, बाजार समितीत, दवाखान्यात आज कोणी ना कोणी दुसऱ्याच्या जागी काम करत असेल. उद्या सकाळी गेल्यावर एवढे करा : त्याचे नाव विचारा, आणि त्याचे किती दिवस भरले ते मोजा.