डेहराडूनचे पहिले चाळीस

हिंदी माणसाने शिपाई व्हावे, फार तर सुभेदार व्हावे. वरचा हुकूम मात्र गोऱ्या साहेबाचा, असा रिवाज फार वर्षे चालला. 1918 पासून विलायतेत सँडहर्स्टला वर्षाला दहा जागा मिळू लागल्या खऱ्या, पण तिथला खर्च पेलणार कोण? संस्थानिक नाहीतर धनवान!

1 ऑक्टोबर 1932 ला डेहराडूनची अकादमी सुरू झाली. मुले चाळीस. त्यांपैकी पंधराच खुल्या परीक्षेतून निवडलेली. त्यांत सहावा नंबर सॅम माणेकशा यांचा. पहाटेपासून कवाईत, बंदूक, नकाशा. रात्री अभ्यास, आणि चुकले की शिक्षा. सगळ्यांना ते झेपले नाही, काही मधूनच परतले. जे टिकले त्यांतून भारत, पाकिस्तान आणि ब्रह्मदेश, तिन्ही देशांचे सेनाप्रमुख निघाले!

पुढे 1943 पासून निवडीची तऱ्हाच बदलली. दोर, फळी, पिंप देतात नि म्हणतात, सगळ्यांनी मिळून पलीकडे जा. इंग्रजी अडखळले तर आमची पोरे बिचकतात. पण मोटेचा नाडा गाठवलेल्या पोराला दोराची गाठ काय शिकवायची? मास्तरांनी वर्गात हे जरूर सांगावे. तयारीसाठी राज्य सरकारने 1977 साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, खास संस्था काढली.

मुलींना मात्र खडकवासल्याचे दार 2022 पर्यंत बंदच होते. त्यांची पहिली तुकडी 30 मे 2025 ला तिथून बाहेर पडली. सतरा जणी होत्या.