नळदुर्ग

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील बोरी नदीकाठचे दुर्गस्थळ. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर, सोलापूरच्या पूर्वेस सुमारे 45 कि.मी. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत नदी अडवून घातलेला बंधारा व त्याच्या पोटातील पाणीमहाल यांकरिता हा किल्ला विख्यात असून, पावसाळ्यात बंधाऱ्यावरून कोसळणारे ‘नर’ व ‘मादी’ हे प्रवाह खरोखर प्रेक्षणीय होत. 1853 च्या तहान्वये कंपनी सरकारकडे गेलेला हा मुलूख 1860 मध्ये निजामास परत मिळाला आणि सोलापूर इंग्रजी अमलात व नळदुर्ग मोगलाईत, अशी एकच भाषा बोलणाऱ्या व एकाच भवानीस नवस करणाऱ्या रयतेची वाटणी पूर्ववत झाली.

5 मार्च 1946 रोजी अमेरिकेतील फुल्टन येथे, बाल्टिकवरील स्टेटिनपासून एड्रियाटिकवरील ट्रिएस्टपर्यंत युरोपावर पोलादी पडदा उतरला आहे, असे विन्स्टन चर्चिल यांनी जगास बजावले, तेव्हा नळदुर्गच्या सरहद्दीवर केवळ करोडगिरीची नाकी होती. परंतु 1947 मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचे ठरविताच तीच सरहद्द, एका बाजूस लातूरचे वकील कासिम रझवी यांचे रझाकार व दुसऱ्या बाजूस स्टेट काँग्रेसच्या स्वयंसेवकांचे कँप, अशी रक्तलांच्छित झाली आणि शेकडो कुटुंबे घरदार टाकून सोलापूर-बार्शीकडे आश्रयास गेली. जुलै 1948 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात चर्चिल यांनी हैदराबादचा कैवार घेतला. पूर्व युरोपातील पराधीन जनतेविषयी एवढ्या कळकळीने बोलणाऱ्या या थोर वक्त्यापर्यंत मराठवाड्यातील रयतेचा आक्रोश पोचलेला दिसत नाही, हे खेदाने नमूद केले पाहिजे.

13 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या आधिपत्याखालील भारतीय फौजा सोलापूरहून निघाल्या. बोरीवरील पूल उडविला जाण्यापूर्वीच त्यांनी तो शाबूत हस्तगत केला व नळदुर्ग घेतला. हैदराबादचा मार्ग मोकळा होण्यात या त्वरेचा वाटा फार मोठा आहे. 16 सप्टेंबरला पॅरिस येथे सुरक्षा समितीपुढे हैदराबादची तक्रार निघाली, आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली. पुढच्याच महिन्यात बर्लिनच्या नाकेबंदीचा प्रश्न त्याच समितीपुढे आला. ती नाकेबंदी मे 1949 मध्ये उठली, परंतु जर्मनीची फाळणी 1990 पर्यंत टिकली. नळदुर्गची सरहद्द मात्र 1956 च्या राज्यपुनर्रचनेत, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर, नकाशावरूनही नाहीशी झाली.