स्वयंचलित गिअरपेटीची घरगुती दुरुस्ती : एक ऐतिहासिक विचार

यंत्र स्वयंचलित झाले म्हणजे मनुष्याचे कौशल्य लयास गेले, असा समज औद्योगिक इतिहासाच्या विवेचनात वारंवार आढळतो. अमेरिकेतील जुन्या जीपगाड्यांच्या स्वयंचलित गिअरपेटीचा आणि तिच्या घरगुती दुरुस्तीचा विचार केला असता हा समज अर्धाच खरा ठरतो.

द्रवाच्या द्वारे शक्ती वाहून नेण्याची कल्पना मूळची जहाजांसाठी होय. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबील मोटारीत ‘हायड्रामॅटिक’ ही चार गतींची पेटी बसविली. दुसऱ्या महायुद्धात ती ‘एम-५’ या हलक्या रणगाड्यातही वापरली गेली. चारही चाकांना चालना देणाऱ्या खाजगी गाडीत अशी पेटी आणण्याचे श्रेय १९६३ च्या जीप वॅगोनियरकडे जाते. १९८० पासून या गाड्यांत क्रायस्लरची ‘टॉर्कफ्लाइट ७२७’ ही तीन गतींची पेटी येऊ लागली.

या पेटीत गती केव्हा बदलावी याचा निर्णय तेलच करते. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा एक दाब आणि इंजिनावरील भाराबरोबर वाढणारा दुसरा दाब, या दोहोंच्या चढाओढीत झडप सरकते व योग्य तो क्लच किंवा पट्टा आवळला जातो. पुढे जाण्याच्या तिन्ही गतींत मागील क्लच लागतो. पुढील क्लच मात्र तिसऱ्या व उलट गतीतच लागतो. म्हणून पहिल्या दोन गतींत नीट चालणारी गाडी तिसऱ्या व उलट गतीत घसरत असेल, तर संशय प्रथम पुढील क्लचवर जातो. पेटी उघडण्यापूर्वीच लक्षणांवरून कारणाकडे जाणारे हे अनुमान होय.

पेटी उघडल्यावर जळालेल्या चकत्या दिसतात. परंतु त्या परिणाम होत, कारण नव्हेत. दट्ट्याची रबरी कडी कडक होऊन दाब गळू लागला, की क्लच घसरतो आणि चकत्या जळतात. केवळ चकत्या बदलणारा कारागीर तोच बिघाड पुन्हा ओढवून घेतो. म्हणून जुळणीनंतर तेलाच्या वाटेत दाबाची हवा सोडून पाहतात: दट्ट्या हलल्याचा बोदा आवाज आला तर काम ठीक, नुसताच फुसकारा आला तर कोठे तरी गळती आहे. टॉर्क कन्व्हर्टर मात्र वेल्डिंगने बंद केलेला असल्यामुळे घरी उघडता येत नाही. तेथे घरगुती कारागिराची मर्यादा येते.

ही मर्यादा पुढे वाढत गेली. १९८७ च्या जीप चेरोकीत आलेल्या ‘एडब्ल्यू-४’ पेटीत गतिबदलाचा निर्णय विद्युत्-नियंत्रकाकडे गेला. पट्टे व चकत्या तेव्हाही हाताने बदलता येत होत्या. निर्णयाची वाट मात्र डोळ्यांना दिसेनाशी झाली.

तात्पर्य, ‘७२७’ सारख्या पेटीने कौशल्य नष्ट केले नाही, त्याचे स्थानांतर केले. चालकाच्या हातातून ते तेलाच्या वाटांत गेले, आणि पेटी उघडून त्या वाटा समजून घेणाऱ्याच्या हाती पुन्हा आले. स्वयंचलनाचा इतिहास लिहिताना कारखान्यातील शोधाबरोबर या दुरुस्तीचीही नोंद घेतली नाही, तर कौशल्याच्या ऱ्हासाची गोष्ट सांगितली जाईल, त्याच्या स्थलांतराची नाही.